सवलत नको, सुनावणी हवी

छोट्या उद्योगांची बाजू मांडणारा एक स्वतंत्र अधिवक्ता सरकारी यंत्रणेत असावा, अशी मागणी कुणी केली की तिला चार ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं उत्तर असं की, सरकार आता स्वतःहून नियम कमी करत आहे, मग अधिवक्ता कशाला? दुसरं, या उद्योगांसाठी केंद्रात अख्खं मंत्रालय आहे. तिसरं, त्यांच्या संघटना आहेत आणि त्या पुरेशा बोलक्या आहेत. चौथं उत्तर कामगार चळवळीतून आणि ग्राहक चळवळीतून येतं: छोट्यांच्या नावाने नियम सैल केले की कामगार मरतो आणि ग्राहक फसतो.

ही उत्तरं प्रामाणिक माणसं देतात. चौथ्यात तर मोठं तथ्य आहे. तरीही या उत्तरांनी मूळ मागणीला हातच लागत नाही, कारण ती नियम सैल करण्याची नाही. नियम होण्याआधी, तो तीन माणसांच्या वर्कशॉपमध्ये कसा पाळला जाईल हे कुणीतरी अधिकाराने विचारावं आणि नियम करणाऱ्याने त्याचं लेखी उत्तर द्यावं, एवढीच ती मागणी आहे. आज आपल्या देशात हा प्रश्न विचारणं हे कुणाचंही कायदेशीर काम नाही.

भोसरीतला एखादा गाळा घ्या. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, मालक आणि दोन कारागीर. कोटेशन मालक देतो, मशीनवर मालक उभा राहतो, तयार माल टेम्पोत चढवतो मालक आणि थकलेल्या बिलासाठी फोन करतो तोही मालकच. याच माणसाने जीएसटीचं रिटर्न, ई-वे बिल, टीडीएस, व्यवसाय कर, प्रदूषण मंडळाची संमती, अग्निशमनाचा दाखला हे सगळं सांभाळायचं. प्रत्येकाचं पोर्टल वेगळं, पासवर्ड वेगळा, तारीख वेगळी. शेजारच्या मोठ्या कारखान्यालाही हेच कागद लागतात, पण तिथे त्यासाठी माणसं नेमलेली असतात आणि त्यांचा पगार कोट्यवधींच्या विक्रीवर विभागला जातो. रिटर्न भरायला लागणारे तास उलाढाल चाळीस लाखांची आहे की चारशे कोटींची, यावर फारसे अवलंबून नसतात. म्हणून कागदावर सर्वांना समान असलेला नियम गाळ्यात पोचेपर्यंत विषम होतो. यात कुणाचा दुष्ट हेतू असतो असं नाही. मसुदा लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर जो उद्योग असतो, त्याच्याकडे लेखा विभाग आणि कायदेशीर सल्लागार असतो. गाळा त्याच्या नजरेसमोर नसतो.

आणि देशातले बहुतेक उद्योग गाळ्यासारखेच आहेत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३व्या फेरीनुसार (२०१५-१६) देशात शेतीबाहेरचे सूक्ष्म, लघु आणि मध्यम मिळून सुमारे ६ कोटी ३४ लाख उद्योग होते आणि त्यांत ११ कोटींहून अधिक लोक काम करत होते. या उद्योगांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त ‘सूक्ष्म’ होते. १ एप्रिल २०२५पासून सूक्ष्म उद्योगाची व्याख्या अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल अशी झाली आहे. म्हणजे घरगुती मसाले विकणारी बाई आणि दहा कोटींची उलाढाल करणारी कंपनी एकाच रकान्यात बसतात. ‘आम्ही सूक्ष्म उद्योगांशी चर्चा केली’ असं एखादं खातं म्हणतं, तेव्हा यांपैकी कुणाशी केली हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

हा प्रश्न आधी न विचारल्याने काय होतं, ते गेल्या दहा वर्षांत तीनदा ठळकपणे दिसलं.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला. एकच कर असावा हा विचार योग्यच होता. पण मूळ रचनेत विक्रीचं, खरेदीचं आणि एकत्रित अशी दरमहा तीन रिटर्न होती आणि खरेदीचा प्रत्येक आकडा पुरवठादाराच्या आकड्याशी जुळवायचा होता. उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये विलंब शुल्क. चार महिने पोर्टल, व्यापारी आणि कर सल्लागार एकमेकांशी झगडत राहिले. ऑक्टोबरमध्ये दीड कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना तिमाही रिटर्नची मुभा मिळाली. नोव्हेंबरमध्ये खरेदीचं आणि एकत्रित रिटर्न स्थगित झालं, विलंब शुल्कही दिवसाला पन्नास रुपयांवर आणि व्यवहारच नसेल तर वीस रुपयांवर आलं. पुढे २०१९मध्ये वस्तू विकणाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा वीस लाखांवरून चाळीस लाखांवर गेली. या सर्व दुरुस्त्या योग्य होत्या. पण यातली एकही अशी नव्हती की जी जून २०१७मध्ये सुचणं अशक्य होतं. कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या कर सल्लागाराने ती दहा मिनिटांत सांगितली असती.

दुसरं उदाहरण महाराष्ट्राचं. २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून, तिची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. गटारं, नाले आणि समुद्रकिनारे पाहिलेला कुणीही या बंदीच्या हेतूशी भांडणार नाही. पण किराणा दुकानदाराने सुटी डाळ, साखर, रवा कशात बांधून द्यायचा, याचं उत्तर अंमलबजावणी सुरू झाल्यावर आठवडाभराच्या आत, दुकानदारांच्या रेट्याखाली, जाड पिशव्यांना सशर्त मुभा देऊन द्यावं लागलं. प्रश्न मार्चमध्येही तोच होता. त्या पहिल्या दिवसांत ज्याच्या गल्ल्यातून पाच हजार गेले, त्याला नंतरच्या मुभेचा काय उपयोग? आणि अशा गडबडीत बंदीचाच धाक कमी होतो, हे पर्यावरणाचं वेगळं नुकसान.

तिसरं उदाहरण खेळण्यांचं. फेब्रुवारी २०२०मध्ये केंद्राने खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला. निकृष्ट खेळण्यांपासून मुलांचं रक्षण हा हेतू निर्विवाद. पण हा आदेश सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी फळं आणि खेळणी करणाऱ्या कारागिरालाही तसाच लागू होत होता. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांना त्यातून वगळायला डिसेंबर २०२० उजाडला. आदेश १ जानेवारी २०२१पर्यंत पुढे ढकलला गेला म्हणून निभावलं. कारखान्यातच चाचणी प्रयोगशाळा हवी, ही अटसुद्धा सूक्ष्म उद्योगांसाठी मुदतीपुरती शिथिल करावी लागली.

तिन्ही ठिकाणी हेतू चांगला आणि दुरुस्तीही चांगली. पण दुरुस्ती आली ती बैल गेल्यावर झोपा करावा तशी. नियम आणि दुरुस्ती यांच्यामधल्या काळाची किंमत कुणी भरली? तिचा हिशेब कुठल्याच अर्थसंकल्पात नाही, कारण ती सरकारने भरलेली नाही.

आणि या तीन प्रकरणांत निदान दुरुस्ती झाली, कारण आरडाओरडा करणारे पुष्कळ होते. जिथे ओरडणारे थोडे असतात, तिथे नियम तसाच राहतो. बांद्याची एखादी बाई घरगुती मसाले महाराष्ट्रातच विकत असेल, तर चाळीस लाखांपर्यंत तिला जीएसटी नोंदणी लागत नाही. पण तेच मसाले तिने जवळच्या म्हापशाच्या दुकानदाराला पाठवले, तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होते, कारण मध्ये राज्याची सीमा आहे. हस्तकलेच्या वस्तूंना यातून सूट मिळाली, मसाल्याला नाही. ऑनलाइन बाजारातून राज्यांतर्गत वस्तू विकणाऱ्या छोट्यांवरही पहिल्या रुपयापासून नोंदणीची सक्ती होती. ती उठायला १ ऑक्टोबर २०२३ उजाडला, म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ गेला. सिंधुदुर्गातल्या बचत गटाने या प्रश्नासाठी दिल्लीत कुणाचं दार ठोठावायचं होतं?

आता उत्तरांकडे वळू.

‘सरकार नियम कमी करत आहे.’ खरं आहे आणि स्वागतार्हही. २०२३च्या जनविश्वास कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतल्या १८३ तरतुदींमधली फौजदारी शिक्षा काढली किंवा सौम्य केली. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात नियामक सुधारणांसाठी उच्चस्तरीय समिती जाहीर झाली. पण शिक्षा सौम्य झाली म्हणून काम कमी होत नाही. तुरुंगाची भीती गेली, तरी रिटर्न भरायचंच आहे. आणि साफसफाई ही मागच्या कचऱ्याची असते. सुधारणा समिती बसलेली असतानाही दुसऱ्या एखाद्या खात्यात नवा मसुदा लिहिला जात असतोच, आणि त्या मसुद्यापाशी कुणीही उभं नसतं. समिती अहवाल देऊन विसर्जित होते. नियम करणं मात्र कायम चालू राहतं. जे काम कायम चालतं, त्यावर लक्ष ठेवणारी संस्थाही कायमची हवी.

इथे आपल्याच इतिहासाची आठवण करून द्यायला हवी. छोट्यांना मोठ्यांच्या स्पर्धेपासून वाचवण्यासाठी १९६७मध्ये काही वस्तूंचं उत्पादन त्यांच्यासाठी राखीव केलं गेलं. ही यादी वाढत आठशेच्या पुढे गेली आणि मग आकसत, २०१५मध्ये शेवटच्या वीस वस्तू वगळून संपली. या राखीवपणात अनेक उद्योग मोठे होण्याचं टाळत राहिले, कारण मोठं झालं की सवलत जायची. भिंत बांधून दिली, पण दरबारात जागा दिली नाही. तेव्हाचा संरक्षणवाद आणि आजचा नियमकपातीचा उत्साह वरवर एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण दोन्हींत छोट्या उद्योजकाबद्दल निर्णय होतो, त्याला विचारून होत नाही.

‘मंत्रालय आहे.’ आहे, आणि ते योजना राबवतं, कर्जहमी देतं, नोंदणी करतं. पण मंत्रालय हा सरकारचा भाग आहे. अर्थ, पर्यावरण किंवा ग्राहक व्यवहार खात्याने काढलेल्या मसुद्याविरुद्ध जाहीर, लेखी आणि कडक मत देणं हे त्याच्याकडून अपेक्षितच नाही, कारण मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या विकासासाठी झालेल्या २००६च्या कायद्याने या उद्योगांसाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन केलं, पण त्याचे अध्यक्ष पदसिद्ध केंद्रीय मंत्रीच. सरकारचाच माणूस सरकारच्या मसुद्याला आव्हान देईल ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे. न्यायालयात राज्याची बाजू मांडायला महाधिवक्ता असतो. मग राज्य नियम करतं तेव्हा ज्यांच्यावर तो लादला जातो त्यांची बाजू मांडणारा कुणी नको का?

‘संघटना आहेत.’ त्यांचं काम मोठं आहे. वालचंद हिराचंदांनी १९२७मध्ये महाराष्ट्र चेंबरची स्थापना केली, तेव्हापासून या राज्यात उद्योजकांनी सरकारशी बोलण्याची परंपरा आहे. पण संघटनेत वर्गणी भरणारा आणि बैठकीला वेळ काढू शकणारा येतो. लेथवर उभा असलेला माणूस मंगळवारी दुपारी मंत्रालयात कसा जाणार? शिवाय एकाच संघटनेत माल घेणारा मोठा आणि माल देणारा छोटा शेजारी बसतात, आणि त्यांचे हितसंबंध आपसांत भिडतात. उशिरा मिळणाऱ्या पैशांचा प्रश्न याचा उत्तम पुरावा आहे. २००६च्या कायद्यात सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचं आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देण्याचं बंधन आहे. तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लागावा, अशीही तरतूद आहे. तरी पैसे अडकत राहिले, कारण गिऱ्हाईकाविरुद्ध तक्रार करणं म्हणजे पुढची ऑर्डर गमावणं. २०२३च्या वित्त कायद्याने मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी करातून वजा करता येणार नाही अशी तरतूद केली, तेव्हा व्यापारी संघटनांनी ती पुढे ढकलण्याची मागणी केली आणि लघुउद्योगांच्या काही संघटनांनी ती टिकवण्याची. दोन्ही बाजू ‘आम्ही छोट्यांसाठी बोलतो’ असंच म्हणत होत्या. अशा वेळी कुणाच्याही वर्गणीवर न चालणारा, आकडे गोळा करून जाहीर करणारा आवाज लागतो.

आता चौथं उत्तर, ज्याच्याशी मला खरोखर वाद घालायचा आहे, कारण ते देणाऱ्यांची काळजी माझीही आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतल्या वितळलेल्या लोखंडाला मालकाची उलाढाल कळत नाही. विनापरवाना फटाक्यांच्या शेडमध्ये जीव जातात ते गरिबांचेच. छोट्या हॉटेलातल्या खराब तेलाने होणारा आजार मोठ्या हॉटेलातल्यापेक्षा सौम्य नसतो. म्हणून सुरक्षेच्या बाबतीत ‘छोटा आहे, सोडून द्या’ हे मला मान्य नाही. पण आज प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. जो नियम पाळता येत नाही, तो पाळला जात नाही. त्याचं रूपांतर हप्त्यात होतं. इन्स्पेक्टरला माहीत असतं की चाळीस अटींपैकी पाच इथे शक्यच नाहीत, मालकालाही माहीत असतं, आणि त्या पाचांच्या आडून उरलेल्या पस्तीसही विकल्या जातात. सुरक्षेची खरी अट आणि निरर्थक कागद एकाच यादीत टाकले की दोन्हींची किंमत सारखीच होते. कामगाराचा जीव वाचवायचा असेल, तर त्या यादीतून निरर्थक कागद बाहेर काढून खरी अट पाळता येईल अशी करावी लागेल, तिच्यासाठी मुदत, प्रशिक्षण आणि कर्ज द्यावं लागेल. हे ठरवायला गाळा आतून माहीत असलेला माणूस मसुद्याच्या वेळी हजर हवा.

असा माणूस कायद्याने नेमता येतो, याचा दाखला अमेरिकेत आहे. तिथे १९७६मध्ये लघुउद्योग प्रशासनातच स्वतंत्र अधिवक्ता कार्यालय स्थापन झालं. त्याचा मुख्य अधिवक्ता राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट मंजूर करतं, पण त्याची मतं प्रशासनाची मतं मानली जात नाहीत. १९८०च्या कायद्याने प्रत्येक संघीय खात्यावर, छोट्या उद्योगांवर लक्षणीय परिणाम करणाऱ्या नियमाचा तो परिणाम मोजून जाहीर करण्याचं आणि कमी जाचक पर्याय तपासण्याचं बंधन आलं. केलेले नियम दहा वर्षांच्या आत पुन्हा तपासायचे, हेही त्यातच आहे. सोळा वर्षं हे बंधन बरंचसं कागदावर राहिलं. १९९६मध्ये न्यायालयात दाद मागण्याची सोय झाली तेव्हा त्याला दात आले. त्याच वर्षीपासून पर्यावरण आणि कामगार सुरक्षा या दोन नियामकांना मसुदा जाहीर करण्याआधीच छोट्या उद्योजकांच्या प्रतिनिधींसोबत बसावं लागतं. २०१०मध्ये ग्राहक वित्त नियामकालाही हे बंधन लागू झालं आणि अधिवक्ता कार्यालयाला स्वतंत्र अर्थसंकल्पीय तरतूद मिळाली.

हे कार्यालय निर्दोष नाही. रसायनांच्या नियमांबाबत त्याने मोठ्या उद्योगांच्या संघटनांचीच भाषा उचलली, अशी टीका तिथल्या ग्राहक आणि आरोग्य चळवळींनी केली, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. २०१७नंतर अनेक वर्षं सिनेटने मंजूर केलेला मुख्य अधिवक्ताच तिथे नव्हता. या दोन्ही गोष्टींतून आपण शिकू शकतो. अधिवक्त्याला नकाराधिकार नको. त्याने प्रश्न विचारावा, पर्याय सुचवावा, पण जीव आणि आरोग्याशी संबंधित नियम रोखण्याची ताकद त्याच्याकडे असू नये. त्याच्याशी बोलणारे कोण, याची नोंद जाहीर असावी. आणि पद रिकामं ठेवून संस्था मारता येऊ नये, म्हणून नेमणुकीची मुदत कायद्यातच असावी.

आपल्याकडे पायाच नाही असंही नाही. २०१४च्या पूर्व-विधान सल्लामसलत धोरणानुसार मसुदा किमान तीस दिवस जाहीर ठेवायचा आणि त्याचा लोकांच्या जगण्यावर, उपजीविकेवर काय परिणाम होईल हे सांगायचं. पण हे धोरण आहे, कायदा नाही, आणि ते डावललं तर काहीच होत नाही. मे २०१६मध्ये कॉल ड्रॉपच्या भरपाईचा नियम रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने संसदेला सुचवलं होतं की, नियम करताना सूचना मागवण्याची आणि त्यांची दखल घेण्याची पद्धत सर्वच नियामकांसाठी कायद्याने घालून द्यावी. तो कायदा आजही नाही. आपल्या राजपत्रात ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात, त्या ‘विचारात घेण्यात येतील’ असंही छापलेलं असतं. पण माझी हरकत का नाकारली, हे बहुतेक वेळा हरकत घेणाऱ्याला कधीच कळत नाही.

आणि प्रतिनिधित्व कायद्यात लिहिणंही पुरेसं नसतं. २०१४च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समितीवर किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात, असं म्हटलं आहे. मुंबईत त्या निवडणुकीचं मतदान व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला. दहा वर्षं फेरीवाल्याबद्दलचे निर्णय फेरीवाल्याशिवाय होत राहिले. म्हणून तारखा, मुदती आणि न चालल्यास दाद मागण्याची सोय हे सगळं कायद्यातच असलं पाहिजे.

मग नेमकं काय हवं? केंद्रात आणि राज्यात लघुउद्योग अधिवक्ता हे वैधानिक पद. मंत्रालयाबाहेर, विधिमंडळाला थेट अहवाल देणारं, पाच वर्षांच्या निश्चित मुदतीचं. दहापेक्षा कमी माणसांच्या उद्योगावर परिणाम करणाऱ्या प्रत्येक मसुद्यासोबत किती तास लागतील, किती खर्च येईल आणि कोणते पर्याय तपासले याचं विवरण. अधिवक्त्याचं मत आणि खात्याचं उत्तर, दोन्ही राजपत्रात, मराठीत. दर काही वर्षांनी जुन्या नियमांची सक्तीची फेरतपासणी. आणि हे न पाळता केलेल्या नियमाला उच्च न्यायालयात आव्हान देण्याचा हक्क.

यासाठी महाराष्ट्राला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. कायदा होईपर्यंत एका शासन निर्णयाने सुरुवात होऊ शकते: यापुढे राज्याच्या प्रत्येक मसुद्यासोबत छोट्या उद्योगांवरच्या परिणामाचं एक पान जोडलं जाईल आणि आलेल्या प्रत्येक हरकतीला कारणांसह उत्तर दिलं जाईल. त्याला खर्च नगण्य आहे. लागते ती फक्त उत्तर देण्याची तयारी. जे सरकार व्यवसाय सुलभतेचा गौरव करतं, त्याने ही तयारी दाखवावी, आणि जो आमदार आपल्या मतदारसंघातल्या औद्योगिक वसाहतीत मतं मागायला जातो, त्याने पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न उभा करावा. छोटा उद्योजक कर भरतो, रोजगार देतो आणि नियमही पाळायला तयार आहे. नियम करण्याआधी त्याचं ऐकून घेणं आणि त्याला उत्तर देणं हे त्याच्यावर उपकार नव्हे, राज्यकर्त्यांचं कर्तव्य आहे.